एरंडाचे गुऱ्हाळ

गप्पा लांबतच चालल्या की आपण म्हणतो, काय हे एरंडाचे गुऱ्हाळ! दिसायला उसासारखी पेरे, पण आत पोकळ. रस निघायचा कुठून? बांधावर आपोआप उगवणाऱ्या या झाडाची किंमत आपण तेवढीच धरली. पण वाचकहो, त्याचे मोल कांडीत नव्हे, बियांत आहे.

माझ्या आजोळी बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावीत. उरलेले पणतीत जाई आणि चमचाभर आम्हा पोरांच्या घशात. (त्या चमच्याची चव तुम्हीही विसरला नसाल!) तेल दाट नि चिकट, आस तापला तरी त्याचा थर सुटत नसे. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. या दोन गुणांपायी 1914 ते 1918 च्या महायुद्धात पुष्कळ लढाऊ विमानांच्या इंजिनांना एरंडेलाचेच वंगण असे. इंजिनातून उडणारे तेलाचे तुषार पोटात जाऊन वैमानिकांचीही आम्हा पोरांसारखीच गत होई म्हणतात!

या तेलात शेकडा 85 ते 90 भाग रिसिनोलिक आम्ल असते. आपल्या रोजच्या खाद्यतेलांत ते सापडत नाही. त्यापासून फ्रान्समध्ये नायलॉन-11 तयार झाले. मालमोटारीच्या ब्रेकला हवा नेणाऱ्या नळ्या त्याच्या करतात. नायट्याच्या मलमातले एक औषधही यातूनच निघते. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत.

आता मायबहिणींनो, हे मात्र नीट ऐका. एरंडीच्या बीत रिसिन नावाचे जहाल विष असते. घाण्यातून तेल निघते, विष पेंडीत राहते. आमच्या आळीत एका दुभत्या म्हशीने उघड्या पोत्यात तोंड घातले. दोन दिवसांत ती गेली, आणि त्या घरचा दुधाचा रतीब कायमचा बंद झाला. सरकी किंवा शेंगदाण्याच्या पेंडीसारखी ही पेंड गुरांना घालू नका. ती जमिनीला द्या, नत्राचे उत्तम खत आहे. पण मातीत चांगली मिसळा, नुसती वर पसरून ठेवू नका. पोते गोठ्यापासून दूर, तोंड बांधून ठेवा. चितकबऱ्या चकचकीत बिया पोरांना खेळायला फार आवडतात. त्या फडताळात उंचावर असू द्या. आणि कुणी चावून गिळलीच, तर पोर हसत-खेळत असले तरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.