ओलं धान्य आणि टोटल लॉसची गाडी

माझ्या भाच्याने गाडी घ्यायचं ठरवलं. साधीसुधी नाही, दोन दारांची ऑडी टीटी, २०१६ सालची, मुंबई पासिंगची. सहा वर्षं कतारमध्ये काम करून तो कणकवलीला परत आला आहे, लग्नाला वर्षभर अवकाश आहे आणि हातात थोडे पैसे आहेत. ही गाडी नवी होती तेव्हा साठ लाखांच्या घरात होती. त्याच सालच्या जुन्या टीटी त्याला जाहिरातींत बावीस-पंचवीस लाखांना दिसत होत्या. कोल्हापूरचा एक विक्रेता मात्र बारा लाखांत द्यायला तयार होता.

एवढी स्वस्त का, हा प्रश्न भाच्याने विचारला होता. पहिल्या फोनवर उत्तर मिळालं, "पार्टीला पैशांची नड आहे." दुसऱ्या फोनवर, "थोडी पावसात उभी होती." तिसऱ्या फोनवर, "इन्शुरन्सची गाडी आहे, पण सगळं काम केलंय." जुन्या गाड्यांच्या बाजारात 'इन्शुरन्सची गाडी' म्हणजे टोटल लॉसची गाडी. ही २०२१ साली चिपळुणात बुडालेली होती. त्या वर्षी बकरी ईद २१ जुलैला झाली आणि दुसऱ्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. पहिला मालक मुंबईहून ईदला गावी आला होता आणि गाडी बाजारपेठेच्या बाजूला लावली होती, असं विक्रेत्यानेच शेवटी सांगितलं.

टोटल लॉस म्हणजे काय, ते आधी पाहू. विम्याच्या कागदावर गाडीची एक किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी दुरुस्ती करत बसत नाही. मालकाला ठरलेली रक्कम देते आणि मोडकी गाडी लिलावात काढते. घेणारा ती दुरुस्त करतो आणि विकतो. यात बेकायदा काही नाही.

भाच्याचा युक्तिवाद इथूनच सुरू झाला, आणि तो चुकीचा नव्हता. तो म्हणाला, "मामू, टोटल लॉस म्हणजे गाडी मेली असं नाही. हा हिशेबाचा शब्द आहे." खरं आहे. आयडीव्ही दरवर्षी घटते. पाचव्या वर्षापर्यंत ती निम्म्यावर येते. म्हणजे साठ लाखांची गाडी तीस लाखांची होते आणि ७५ टक्क्यांची रेषा साडेबावीस लाखांवर येते. सुट्या भागांची किंमत मात्र घटत नाही. परदेशातून येणाऱ्या पार्टांचं आणि कंपनीच्या वर्कशॉपचं बिल ही रेषा लवकर ओलांडतं. तेच काम बाहेरचा चांगला मिस्त्री बऱ्याच कमी पैशांत करतो. तेव्हा टोटल लॉसची प्रत्येक गाडी भंगार असते असं म्हणणं अडाणीपणाचं ठरेल.

अडचण गाडीपेक्षा कागदाची जास्त आहे. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' असा शिक्का पडतो. ब्रिटनमध्ये २०१७ पासून विमा कंपन्या अशा गाड्यांना ए, बी, एस आणि एन अशा वर्गांत घालतात. पहिले दोन वर्ग पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाहीत. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवावं, मग नोंदणी रद्द होते. पण बुडालेली गाडी 'कायमची निकामी' असतेच असं नाही; कंपनीने फक्त ती दुरुस्त करणं परवडत नाही असं म्हटलेलं असतं. त्यामुळे आरसी तशीच राहते. त्या आरसीवर चासी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, गाडीचा रंगसुद्धा आहे. गाडी छतापर्यंत पाण्यात होती हे कुठेच नाही.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींना घेऊन आम्ही फोंडाघाटातून कोल्हापूरला गेलो. गाडी देखणी होती, हे मलाही मान्य करावं लागलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग सीट मागे सरकवून रुळांवरचा गंज दाखवला. खालचा गालिचा कोरा करकरीत होता. आठ वर्षं जुन्या गाडीत नवा गालिचा का, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

इंजिन बदललेलं होतं. बुडालेली गाडी कोणी चालू केली तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बदललं की हे दुखणं संपतं. मिस्त्रींची काळजी वेगळी होती. या गाडीत काच, दार, ब्रेक, स्टेअरिंग सगळ्याला वायरिंग आहे आणि एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा डबा गाडीच्या मधोमध, खाली तळाशी बसवलेला असतो. पुराचं पाणी गढूळ असतं. जोडण्यांमध्ये गाळ आणि ओल राहते आणि हिरवट गंज हळूहळू आपलं काम करतो. "आज स्कॅनर लावला तर सगळं ठीक दाखवेल," मिस्त्री म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याचं मी सांगत नाय."

परतताना भाच्याने मला विचारलं, "मामू, शरियतने यात हराम काय आहे?" मी शिक्षक आहे, मुफ्ती नाही. पण ज्या हदीस आपण लहानपणापासून ऐकतो त्यातली एक जणू याच गाडीसाठी आहे. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना एका धान्याच्या ढिगाजवळ थांबले. आत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. तेव्हा त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, आणि फसवणारा आमच्यातला नाही असं बजावलं. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आहे. ओलं धान्य विकू नको, असं त्या माणसाला सांगितलं गेलं नाही. वर ठेव, एवढंच सांगितलं गेलं.

यावरूनच फिकहमध्ये खियारे-ऐब आहे. विकताना लपवलेला ऐब नंतर सापडला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा अधिकार. 'खियार' ज्या मुळातून आला त्याच मुळातून 'इख्तियार' आला, आणि त्याचाच मराठीत 'अखत्यार' झाला. 'ऐब'ही मराठीला परका नाही. हनफी मतात 'सर्व ऐबांसह विकतो' अशी अट घालून विक्रेता मोकळा होऊ शकतो. आपण कोकणी बहुतेक शाफई. शाफई मतात विक्रेत्याला जो ऐब ठाऊक आहे त्याची जबाबदारी अशा अटीने टळत नाही. जाणूनबुजून लपवणं मात्र कोणत्याच मतात माफ नाही.

देशाचा कायदा इथे थोडा वेगळा चालतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली घोड्याचं उदाहरण दिलं आहे. घोड्यात खोट आहे हे माहीत असून लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो हसला. मी म्हटलं, कायदा जे मुलीला द्यायला सांगतो, ते दीन बाजारातल्या प्रत्येक अनोळखी माणसाला द्यायला सांगतो.

"पण मी तर घेणारा आहे," तो म्हणाला. "मला सगळं सांगितलंय. मग माझ्यावर काय?"

इथे मला हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांच्याकडची गोष्ट आठवली. एकाने उंटीण विकत घेतली आणि तो निघाला. वासिला यांनी त्याला गाठून विचारलं, प्रवासाला घेतलीस की मांसासाठी? हजला जायला, तो म्हणाला. तेव्हा त्यांनी सांगितलं की तिच्या खुरात छिद्र आहे. विकणारा चिडला, तुम्ही माझा सौदा मोडता म्हणाला. वासिला यांचं उत्तर असं होतं की ऐब सांगणं विकणाऱ्यावर आहेच, पण ज्याला तो माहीत आहे त्याच्यावरही आहे.

त्यांनी आधी विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मांसासाठी घेतली असती तर खुरातल्या छिद्राने काही बिघडत नव्हतं. मी भाच्यालाही तेच विचारलं. कशासाठी घेतोस? सुटे भाग काढायला, की शनिवारी-रविवारी खोलून बसायला? तो खरं बोलला. मुंबई-गोवा महामार्गावर चालवायला, आईला घेऊन रत्नागिरीला जायला, आणि दोन वर्षांनी हौस फिटली की पंधरा-सोळा लाखांना विकायला.

पंधरा-सोळा लाखांना कोणाला विकणार? चिपळूणचं पाणी सांगून, की न सांगता?

तो गप्प बसला आणि राधानगरी येईपर्यंत बोलला नाही. त्या गाडीतला सगळा फायदा या एका प्रश्नात होता. पुढच्या माणसाला सगळं सांगायचं असेल तर दोन वर्षांनी ती पाच-सहा लाखांच्या वर जाणार नाही, आणि मग आजचे बारा लाख स्वस्त नाहीत. बारा लाख स्वस्त वाटतात, कारण पुढे कोणीतरी न विचारता पूर्ण किंमत मोजेल हे आपण मनात धरलेलं असतं. ऐब उघडा ठेवून जी किंमत येते तीच त्या गाडीची किंमत. बाकीचे पैसे लपवण्याचे.

दुसऱ्या दिवशी भाच्याने स्वतःच विक्रेत्याला फोन केला. सात लाख देतो म्हणाला, आणि खरेदीच्या कागदावर एक ओळ मागितली, की ही गाडी जुलै २०२१ च्या पुरात बुडाली होती आणि विमा कंपनीने टोटल लॉस धरली होती. विक्रेता साडेआठपर्यंत खाली आला. लिहून द्यायला मात्र तयार झाला नाही. सौदा तिथेच थांबला. भाचा अजून थोडा नाराज आहे, आणि मी त्याला दोष देत नाही. एवढी देखणी गाडी मीही पहिल्यांदाच जवळून पाहिली होती.

ती गाडी आजही तिथेच उभी आहे. तिची जाहिरात बदलली आहे, आता त्यात 'विना-अपघात' लिहिलंय. शब्दशः खरंच आहे ते. माझ्या अखत्यारात तिचा पुढचा गिऱ्हाईक अडवणं नाही. पण पूर फक्त चिपळूणला येत नाही, आपल्या खारेपाटणलाही पाणी शिरतं, आणि साधी अल्टोसुद्धा अशीच सुकवून विकली जाते. म्हणून मिस्त्रींकडून शिकलो ते इथे लिहून ठेवतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. सीटचे रूळ आणि बोल्ट पाहा. डिकीतलं स्टेपनी उचलून त्याखाली गाळ आहे का बघा. हेडलाइटच्या आत धुकं आहे का, जुन्या गाडीत गालिचा नवा आहे का, काचा बंद करून दहा मिनिटं बसल्यावर कुबट वास येतो का, बघा. परिवहनच्या साईटवर मालक किती वेळा बदलला ते पाहा, आणि मागच्या विमा कंपनीकडून क्लेमची माहिती विक्रेत्याला आणायला सांगा. शेवटी कागदावर ती एक ओळ मागा. गाडी पुरात किंवा टोटल लॉसमध्ये गेलेली नाही, किंवा गेलेली आहे. दोन्हीपैकी काहीही लिहायला जो तयार नसेल त्याला सलाम करा आणि घरी या.