उजवी काळी, डावी काळी

नातवाने ‘स्टार ट्रेक’च्या तिसऱ्या सीझनच्या डीव्हीडी आणल्या. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेली मालिका. त्यातला १० जानेवारी १९६९ चा एक भाग लावला. दोन परग्रहवासी, दोघांचाही अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा; तरी हाडवैरी. कारण काय, तर एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी! कॅप्टन कर्कला आधी फरकच दिसत नाही. शेवटी त्यांच्या ग्रहावर माणूस उरत नाही, वैर उरतं.

नातू हसला. मला दारव्हा तालुक्यातली माझी पहिली शाळा आठवली. माठ एकच, पण काही पोरांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. मी समतेवर निबंध लिहून घ्यायचो आणि गप्प बसायचो. फरक मला दिसत होता. तेच आज बोचतं.