चौदा एप्रिलचा केक

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल असा एखादा गंभीर विषय घ्यावा असे आमच्या मनात होते. परंतु वसतिगृहातील मुलांनी तो बेत हाणून पाडला. सायंवंदनेनंतर अंगणात बसले की त्यांची मागणी एकच असते : "बर्मिंगहॅमची गोष्ट सांगा." तेव्हा पुढील मजकुरात इतिहास थोडा कमी आणि फजिती थोडी अधिक आढळली, तर वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. 1969 साली कामाचे व्हाउचर मिळवून ते इंग्लंडला गेले आणि 1974 साली त्यांनी आईला व आम्हा तिघा भावंडांना बोलावून घेतले. आमचे वय तेव्हा अवघे सहा. घर बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात आणि दादांची नोकरी शहराला लागूनच असलेल्या स्मेथिक येथील एका फाउंड्रीत.

पहिली फजिती आईची झाली. बर्मिंगहॅममध्ये अकरा नंबरची एक बस आहे. ती तेव्हा शहराला बाहेरून प्रदक्षिणा घालत असे. हा फेरा सुमारे 26 मैलांचा. एका शेजारणीने आईला सांगितले होते, "चर्च दिसले की उतरायचे." आई खिडकीशी बसली. चर्च दिसले, पण उतरावे तोच पुढे दुसरे दिसले, मग तिसरे. अर्डिंग्टन गेले, एकॉक्स ग्रीन गेले, बोर्नव्हिल गेले आणि दोन तासांहून अधिक वेळाने आई निघाली होती त्याच थांब्यावर येऊन उतरली. घरी येऊन म्हणाली, "या गाडीला मुक्कामच नाही." दादा शांतपणे म्हणाले, "अगं, यालाच भगवंतांनी भवचक्र म्हटलं आहे. त्यातून बाहेर पडायचं तर कुठे उतरायचं ते आपलं आपल्यालाच कळावं लागतं." त्या दिवशी दादांना रात्रीचे जेवण जरा उशिराने मिळाले.

बोर्नव्हिलवर दादांचा विशेष जीव. कॅडबरी कुटुंबाने चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसवलेली ती वसाहत. हे कुटुंब क्वेकर पंथाचे असल्याने तेथे दारूचा एकही गुत्ता नव्हता. पाचवे शील पाळणाऱ्या दादांना वाटे की आपण राहावे तर येथेच. रविवारी ते आम्हांला तेथे फिरावयास नेत. वारा अनुकूल असेल तर हवेत चॉकलेटचा वास दरवळत असे. घरांच्या किमती कळल्यावर मात्र दादा म्हणाले, "वास फुकट आहे, तेवढा भरपूर घ्या." शुक्रवारी पगार झाला की सोबतचे कामगार त्यांना पबमध्ये ओढून नेत. तेथे दादा संत्र्याच्या रसाचा पेला हातात धरून दोन तास उभे राहत. रस पिऊन माणूस इतका आनंदी कसा राहतो, याचे त्या मंडळींना मोठे कोडे होते.

शाळेत जेवण वाढणारी एक बाई होती. ती प्रत्येक मुलाला 'बॅब' म्हणे. बर्मिंगहॅमच्या बोलीत बॅब म्हणजे बाळ, सोन्या. तिला ना कोणाच्या आडनावाशी कर्तव्य, ना रंगाशी. उकडलेला बटाटा सर्वांना सारखाच वाढे आणि तो सर्वांना सारखाच बेचव लागे. रस्त्यावर मात्र दुसरी समता नांदत होती. उनाड पोरे आम्हांला पाकिस्तानच्या नावावरून बनवलेली एक शिवी देत. आम्ही पुण्याचे, शेजारचा मुलगा जालंधरचा, पलीकडचा सुरतेचा; शिवी तिघांनाही तीच. आमच्या देशाला हजारो वर्षांत जे साधले नाही ते त्या पोरांनी एका शब्दात साधले होते : सर्वांना एका पंक्तीला बसविले होते.

ज्या स्मेथिकमध्ये दादा कामाला जात, तेथे 1964 ची निवडणूक उघड वर्णद्वेषाच्या प्रचारावर जिंकली गेली होती. तेथील मार्शल स्ट्रीटवरील रिकामी घरे केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा घाट घातला जात असता, 12 फेब्रुवारी 1965 रोजी माल्कम एक्स स्वतः ती गल्ली पाहावयास आले होते. पुढे नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. हे सारे आम्ही पुढे पुस्तकांतून शिकलो. दादा मात्र त्या भागातून रोज डबा घेऊन जात आणि "गल्ली चांगली आहे, फक्त चढ फार आहे" एवढेच सांगत.

आता केकची गोष्ट. 1976 साली आईला गॅसच्या भट्टीत केक करण्याची विद्या अवगत झाली आणि 14 एप्रिलला दादा तो डब्यात घालून फाउंड्रीच्या कँटीनमध्ये घेऊन गेले. कशाबद्दल, असे सोबत्यांनी विचारले. दादांचे इंग्रजी तेव्हा बेताचेच. "आज वाढदिवस. आमच्या बाबासाहेबांचा," ते म्हणाले. त्या मंडळींच्या कानांनी त्यातले 'बाबा' तेवढे टिपले. भट्टीवरचा एक धिप्पाड आयरिश कामगार म्हणाला, "म्हणजे तुझे वडील! किती वर्षांचे झाले?" दादांनी मनात हिशेब केला आणि सांगितले, "पंच्याऐंशी." टाळ्या पडल्या, वाढदिवसाचे गाणे झाले, आणि "म्हाताऱ्याला आमचा नमस्कार कळव" असा निरोपही मिळाला.

घरी हे कळताच आई संतापली. "चौथं शील मोडलंत!" दादा म्हणाले, "बाप म्हटलं, त्यात खोटं काय? वय सांगितलं, तेही मोजून सांगितलं." आईजवळ यावर उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी तिने केक थोडा मोठा केला.

असे पंधरा वर्षे चालले. दरवर्षी मंडळी विचारत, "म्हातारा कसा आहे?" आणि दादा सांगत, "चालतो आहे." सर्वजण केक खात. एक गृहस्थ तेवढे खात नसत. ते आपल्याच देशातले, आपली भाषा समजणारे, वयाने दादांएवढेच. पहिल्या वर्षी केक पुढे करताच ते म्हणाले, "आज माझा उपवास आहे." दुसऱ्या वर्षीही 14 एप्रिलला त्यांचा उपवास निघाला. चौथ्या वर्षी दादा आम्हांला म्हणाले, "या गृहस्थांचं पंचांग मोठं नेमाचं आहे. आपण केक आणला की यांची एकादशी येते." आम्ही पोट धरून हसलो. आई हसली नाही. त्या गृहस्थांचा चहाचा मग घरून येत असे आणि तो इतरांच्या मगांबरोबर कधीही विसळला जात नसे, हे तिला दादांनी एकदा सांगितले होते. आम्हांला ते पुष्कळ उशिरा कळले.

या प्रश्नाची आमची स्वतःची ओळख नोकरीत झाली. पदवीनंतर काही काळ आम्ही बसमध्ये विसरलेल्या वस्तूंच्या कार्यालयात काम केले. तेथे छत्र्या तर ढिगाने येत. एकेकटे हातमोजे येत, कवळ्या येत, एकदा एक भलीमोठी पितळी तुतारीही आली. वस्तू न्यावयास येणाऱ्याला आम्ही रंग, आकार आणि एखादी खूण विचारत असू. एके दिवशी एक मराठी बाई पिशवी न्यावयास आल्या. मराठी ऐकून त्यांना अतिशय आनंद झाला. मग विचारणा सुरू झाली. आडनाव काय? मूळ गाव कोणते? गावात घर कोणत्या बाजूला? आम्ही म्हटले, "बाई, पिशवी आपली हरवली आहे, खुणा मात्र आमच्या तपासल्या जात आहेत." त्या हसल्या, आम्हीही हसलो. पिशवी घेऊन त्या गेल्या. जाताना पुन्हा भेटण्याचे किंवा घरी येण्याचे मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

1991 साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी आली. 14 एप्रिलला रविवार असल्याने केक सोमवारी गेला. इंग्लंडमध्ये तेव्हा शंभरी गाठणाऱ्या व्यक्तीला राणीकडून शुभेच्छांचा संदेश जात असे. कँटीनमध्ये दादांना प्रश्न आला, "राणीची तार आली का?" दादा गडबडले. तेव्हा त्या आयरिश सोबत्याने टेबलाखालून एक पुठ्ठा काढला. त्यावर मुकुट रंगविला होता, खाली 'शंभराव्या वाढदिवसानिमित्त' असे लिहिले होते आणि त्याखाली साऱ्या खात्याच्या सह्या होत्या. "राणी विसरली असेल, आम्ही विसरलो नाही," तो म्हणाला.

दादांच्याने पुढे राहवेना. त्यांनी त्या दिवशी सारे सांगून टाकले. हे बाबासाहेब माझे जन्मदाते नव्हेत. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याआधी 14 ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी लाखोंना बुद्धाच्या मार्गावर आणले. तुमच्याच लंडनमध्ये ते शिकले, बॅरिस्टर झाले. आमच्या देशाच्या संविधानाचे ते शिल्पकार. आणि ज्या तळ्याचे पाणी जनावरे पीत, ते पाणी माणसांनाही पिता यावे म्हणून त्यांना 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला. कँटीन शांत झाले. आयरिश गृहस्थ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्या उपवासवाल्या गृहस्थांकडे वळून त्याने विचारले, "तू त्याच देशातला ना? तुला हे ठाऊक होते?"

ते म्हणाले, "पहिल्या दिवसापासून."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. उठताना त्या गृहस्थांनी केकचा एक तुकडा उचलला, कागदी रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. त्यांनी तो खाल्ला की वाटेत टाकला, हे दादांना कधी कळले नाही. आई म्हणाली, "टाकला असेल." दादा म्हणाले, "उचलला तर खरा." या एका प्रश्नावर आमच्या घरात अनेक वर्षे दोन पक्ष राहिले.

ब्रिटनमध्ये 2010 च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा सरकारला देण्यात आली. 2013 साली संसदेने ते सरकारवर बंधनकारक केले आणि 2018 साली सरकारने तसे न करण्याचा निर्णय जाहीर केला. तेथील संसदेला या विषयाची चर्चा करावी लागली, यातच सारे आले. माणसे समुद्र ओलांडून गेली तेव्हा पेटीतून लोणच्याची बरणी गेली, हळद गेली, आणि न सांगता आणखी एक वस्तू गेली. विसरलेल्या वस्तूंच्या कार्यालयात आम्ही इतकी वर्षे काढली. पण ती वस्तू कोणी बसमध्ये विसरून गेल्याचे आम्हांला कधी आढळले नाही.

ही शाळा सुरू झाली त्या वर्षी आम्ही सुट्टीवर आलो होतो. इतिहासाचे शिक्षक मिळाले नाहीत म्हणून पत्र्याच्या वर्गात एक तास घेतला, आणि तो तास अद्याप संपलेला नाही. मध्यंतरी तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांनी आमच्या सातवीच्या मुलाला इंग्रजीत विचारले, "गावाहून कसा आलास?" मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, "बाय बुझ, सर." बर्मिंगहॅममध्ये बसला 'बुझ' म्हणतात आणि आमची जीभ त्याच शाळेत घडलेली. अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला : 'शिक्षकांचे इंग्रजी उच्चार सदोष आहेत. सुधारणा आवश्यक.' हा शेरा आम्ही जपून ठेवला आहे. मुकुटाच्या पुठ्ठ्याशेजारीच तो ठेवला आहे.

दादा आणि आई आता नाहीत. 14 एप्रिलला वसतिगृहात केक होतो. तो कापण्यापूर्वी आम्ही मुलांना विचारतो, "बाबासाहेब किती वर्षांचे झाले?" 2025 साली साऱ्या अंगणाने एका सुरात सांगितले, "134!" नव्याने आलेला पाचवीतला एक मुलगा मात्र गोंधळून म्हणाला, "पण ते तर 1956 ला गेले ना?" मोठी मुले त्याला हसली. आम्ही त्याला जवळ बोलावून पहिला तुकडा दिला आणि बर्मिंगहॅमची गोष्ट पुन्हा आरंभापासून सांगितली.

शाळेच्या पुढील वाटचालीस मंगल कामना. नमो बुद्धाय. जय भीम.