खणाची पट्टी

हत्यारं ठेवायची ती लाल पत्र्याची पेटी इकडे अमेरिकेत बऱ्याच गॅरेजमध्ये दिसते. एकाखाली एक पाच-सहा खण आणि प्रत्येक खणाच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमची एक चकचकीत पट्टी. बघणाऱ्याला वाटतं, शोभेची असेल. पण मंडळी, त्या खणांना वेगळी मूठ नसते. पट्टी हीच मूठ! खणाचा पत्रा वरती बाहेर दुमडलेला असतो, त्या दुमडीवर ही पन्हळीसारखी पट्टी चढवलेली असते. ती गेली की उरते नुसती पत्र्याची धार, आणि ती ओढायची म्हणजे बोटांना शिक्षाच.

हे सगळं पुराण सांगायचं कारण आमचे शेजारी. वय ८१. पत्रा दाबून मोटारीचे भाग करतात ना, त्याचे साचे बनवण्यात इथे डेट्रॉइटजवळ त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आता बोटांत संधिवात. पेटीच्या सहा पट्ट्यांपैकी दोन वाकलेल्या, एक गायबच. मुलगा म्हणतो, "डॅड, विकून टाका आता." आजोबांनी मला एवढंच विचारलं, "शनिवारी मोकळा आहेस का?"

नवी पट्टी मिळेना, कारण ते मॉडेल केव्हाच बंद झालंय. शेवटी एका गराज सेलमध्ये त्याच बनावटीची, गंजून गेलेली पण जास्त रुंद पेटी १५ डॉलरला मिळाली. तिच्या पट्ट्या मात्र सरळ होत्या.

पट्टी काढायची तर आधी खण रिकामा करून बाहेर घ्यायचा. मग दोन्ही टोकांची प्लॅस्टिकची टोपणं हलक्या हातानं सोडवायची. जुनं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, त्यामुळे घाई केली की कटकन तुटतं. आत पांढरी भुकटी सापडते. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून बसले आणि ओल लागली की ॲल्युमिनियम आधी झिजतं, त्याची ही भुकटी. तिच्यामुळेच पट्टी अडकते. फटीत थोडं तेल सोडून चहा प्यायचा, आणि मग लाकडाचा ठोकळा टोकाला लावून रबरी हातोड्यानं आडवं ठोकायचं. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायला गेलात तर पट्टीही वाकते आणि रंगही जातो.

दुमडीचा पत्रा पकडीत फडकं धरून सरळ केला. रुंद पेटीची पट्टी बारीक दात्यांच्या हॅकसॉनं कापली, खणापेक्षा एक मिलिमीटर आखूड. हा एक मिलिमीटर उगाच नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. आमच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यात उणे १० आणि उन्हाळ्यात ३५ अंश, म्हणजे ५६ सेंटिमीटरच्या पट्टीत आणि पत्र्यात पाव मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून दोन्ही टोकं घट्ट चिकटवायची नाहीत. कापलेली कड कानशीनं मऊ केली, दुमडीवर मेणबत्ती घासली आणि पट्टी सरकवली. सुर्रकन बसली!

मधे मी आजोबांना म्हटलं, "त्यापेक्षा मोठ्या गोल मुठी लावू का? धरायला सोप्या पडतील." ते म्हणाले, "मूठ एकाच जागी असते. माझा हात रोज वेगळ्या जागी दुखतो."

यावर काय बोलणार? ऑफिसात आम्ही वापरणाऱ्याची सोय, इंटरफेस वगैरेवर तासन् तास मीटिंगा करतो. इथे कुणीतरी मूठच खणाइतकी लांब करून ठेवली होती. डावीकडून ओढा, उजवीकडून ओढा, दोन बोटांनी ओढा, चारांनी ओढा. चांगला हात कुठला, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

काम संपल्यावर आजोबांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिसरा खण ओढला, आतून सहा इंची पोलादी पट्टी काढली, बघितली, परत ठेवली आणि खण लावून घेतला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. साचे बनवणाऱ्या माणसाच्या तोंडून "ठीक आहे" म्हणजे काय, हे मला आता कळायला लागलंय.

विकायचा विषय मुलानं परवा पुन्हा काढला म्हणे. त्यावर आजोबांनी चौथ्या खणाला तेल घालायला घेतलं.