दिवे घाटापलीकडची अंजिरे

स्वारगेटहून निघालेली सासवडची एस. टी. हडपसर मागे टाकून दिवे घाट चढू लागली, की खाली मस्तानी तलाव दिसतो आणि वारा कोरडा होतो. आषाढी वारीत माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते. घाटमाथ्यावर दिवे गाव, पलीकडे मल्हारगडाच्या पायथ्याची सोनोरी. हा सारा अंजिराचा मुलूख. इथल्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

गेल्या चैत्रात मी तिकडे गेलो, तेव्हा मीठा बहार तोडणीला आला होता. उजाडायच्या आत घरची माणसे बागेत उतरली होती. देठातून निघणाऱ्या चिकाने हात खाजतात, म्हणून बायकांनी बोटांना फडकी गुंडाळली होती. पिकलेले अंजीर दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून पाटीत अंजिराचीच पाने अंथरून फळे भरायची आणि लगोलग गाडी गाठायची.

या झाडाची एक गंमत आहे. आपल्याकडच्या अंजिराचे फळ परागीकरणावाचून धरते. खाताना दाणे लागतात, पण ते पोकळ; पेरले तर रुजत नाहीत. माणसाने फांदी लावावी, तेव्हाच या झाडाचा वंश चालतो. आणि फांदीतून नवे झाड होत नाही, जुनेच झाड पुन्हा उभे राहते. गुण तेच आणि रोगही तोच. खाण तशी माती!

हे मी नोकरीच्या सुरुवातीला फार महागात शिकलो. दुसऱ्या तालुक्यातील एका शेतकऱ्यासाठी मी छाटणीच्या दिवसांत अंजिराचे फाटे नेले होते. झाडावर तेव्हा ना पान, ना फळ. फांद्या जाडजूड दिसल्या, तेवढ्यावर मी भुललो. त्याने अर्ध्या एकरात ऐंशी झाडे लावली. पाने फुटली ती पिवळट चट्ट्यांची. अन्नद्रव्यांची कमतरता समजून मी खते देववली. पण तो मोझॅक होता. हा विषाणू फाट्यांबरोबर येतो, बारीक कोळ्यांमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही. फळे धरली ती थोडी, तीही गळाली. तीन वर्षांनी त्याने झाडे उपटली. मला एक शब्द बोलला नाही, पण त्याच्या बांधावर जायला पुढे माझे पाय धजले नाहीत.

परवाच्या बागेत तीन-चार झाडांना तांबडी चिंधी बांधलेली दिसली. घरच्या म्हाताऱ्या आजींना विचारले, "आजी, हे दृष्टीसाठी का?"

त्या हसल्या. "नाय साहेब. बहारात ज्याचं फळ चांगलं, पान निरोगी, त्याला खूण करून ठेवायची. छाटल्यावर समदी झाडं सारखीच दिसत्यात. मग काय ओळखायचं?"

बी. एस्सी. होऊन मला जे वेळेवर सुचले नाही, ते त्या चिंधीत बांधलेले होते.

फाटे करण्याची रीत सोपी आहे. खूण केलेल्या झाडाच्या छाटणीतून पेन्सिलीएवढी जाड, आठ-दहा महिन्यांची पक्व फांदी निवडावी. वीतभर लांबीचे, चार ते सहा डोळ्यांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली सरळ घ्यावा, वरचा डोळ्यापासून बोटभर वर तिरका. म्हणजे फाटा उलटा लावला जात नाही. चीक सुकू द्यावा. माती, वाळू व कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत दोन भाग आत, एक भाग वर असा फाटा लावावा. पिशवीला भोके हवीत, कारण पाणी साचले की फाटा कुजतो. सावलीत ठेवावे, ओल राखावी. पाने फुटली म्हणजे मुळे सुटलीच असे नाही. म्हणून उपटून पाहू नये. कात्री प्रत्येक झाडानंतर पुसून घ्यावी.

विकतची रोपे घेणार असाल, तर मातृवृक्ष फळावर असताना दाखवा, असे आधी सांगा. पुरंदर तालुक्यातच जाधववाडीला कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. तिथेही चौकशी करावी.

परतताना आजींनी पानात बांधून चार अंजिरे दिली. घाट उतरेपर्यंत ती संपली. त्या ऐंशी झाडांची आठवण मात्र घरापर्यंत सोबत आली.