झाकली मूठ

गोष्ट ऐन रंगात यावी, आजीने ‘आता पुढचे उद्या’ म्हणावे आणि नातवंडांची झोप उडावी! चित्रपटाची झलक हीच किमया करते. संकलक दोन-तीन तासांच्या चित्रपटातून मोजकी दृश्ये वेचतो, त्यांचा क्रम पालटतो, संगीताच्या ठेक्यावर ती गुंफतो आणि उत्कंठा शिगेला पोचताच थांबतो. १९६० सालच्या ‘सायको’च्या झलकेत दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतःच वाटाड्या झाले. ते प्रेक्षकांना एका जुन्या घरातून हिंडवतात, जिन्यापाशी थबकतात, वाक्य अर्धवट सोडतात. रहस्य मात्र ओठांबाहेर पडू देत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. परंतु मुठीत काही असावे लागते. रिकामी मूठ प्रेक्षकाला एकदा भुलवील; दुसऱ्यांदा तो तिकडे फिरकणारही नाही.