नावांचा कायदा

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपल्या धर्मग्रामांत आम्ही कबरींवरचे गवत काढतो, मेणबत्त्या लावतो आणि मिस्सेसाठी दिवंगतांच्या नावांची यादी फादरांकडे देतो. एखादे नाव राहून गेले, तर मनाला चुटपुट लागते. गेलेल्या माणसाच्या नावाचे एवढे मोल का असावे?

फ्रान्सच्या संसदेने हे मोल कायद्यात उतरवले. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, २ जुलै १९१५ रोजी तिने ठरवले की, रणांगणी पडलेल्या किंवा जखमांनी, युद्धात जडलेल्या आजाराने मरण पावलेल्या सैनिकाच्या मृत्युनोंदीत ‘फ्रान्ससाठी मृत्यू’ हे शब्द लिहावेत. सेनाधिकारी असो वा शेतकऱ्याचा पोर, शब्द तेच! पुढे २५ ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने गावांना स्मारकांसाठी सरकारी साहाय्य देऊ केले. सुमारे ३६,००० स्मारके उभी राहिली. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि शासन यांची फारकत झाली होती. त्यामुळे चौकातल्या स्मारकावर क्रूस कोरण्यास मनाई होती, दफनभूमीत मात्र मुभा. मग अनेक धर्मग्रामांनी आपल्या पुत्रांची नावे चर्चच्या भिंतींवर कोरली. एकच नाव, चौकात नागरिकाचे आणि चर्चमध्ये लेकराचे.

पण या सन्मानाच्या उंबरठ्याबाहेर काहीजण राहिले. आज्ञाभंगाच्या आरोपावरून सहाशेंहून अधिक सैनिकांना स्वकीयांच्याच गोळ्यांनी देहदंड दिला गेला. कित्येकांचे खटले घाईघाईने उरकलेले. काहींची निर्दोषता पुढे न्यायालयांनी मान्य केली. इतरांच्या घरच्यांच्या वाट्याला दुःखासोबत लाजही आली. त्यांच्या सामूहिक पुनर्वसनाचे विधेयक जानेवारी २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहाने संमत केले, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सिनेटने फेटाळले. शंभर वर्षे लोटली, तरी वाद मिटला नाही.

आम्हांला वाटते, राष्ट्राने आपल्या मृतांची नावे कायद्याने जपावीत, हे योग्यच. त्यावाचून गरिबाच्या मुलाचे नाव गावातल्या चार घरांपलीकडे कोण घेणार? परंतु कायदा सन्मान देताना एक रेघही ओढतो, आणि रेघेपलीकडच्या मुलालाही आई असते. तिच्या अश्रूंना संसदेची संमती लागत नाही. म्हणूनच मृतांसाठी प्रार्थना करताना, ज्यांचे नाव कोणत्याही यादीत आले नाही, त्यांच्यासाठीही आम्ही क्षणभर थांबावे.